धर्माची बातमी लिहायला बसताना : कोल्हापुरातल्या नव्या बातमीदारासाठी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंबाबाईच्या देवळात जाऊन बघा. गरुड मंडपात एका बाजूला हात जोडून उभे भाविक, दुसऱ्या बाजूला कॅमेरे सरसावलेले आमचे भाऊबंद. किरणोत्सव. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडून पितळी उंबऱ्यावर येतं आणि मग कुणी कुणाशी बोलत नाही. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम. ढग आले, हवेत धूळ-बाष्प असलं किंवा वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा आडवा आला की किरणं मध्येच लुप्त होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं : ‘किरणे कमरेपर्यंत’.

या बीटवरची, म्हणजे धर्म हा नेमून दिलेला विषय सांभाळताना मिळणारी, ही मला सगळ्यात प्रामाणिक बातमी वाटते. किती वाजता आली, कुठवर पोचली, का थांबली, एवढंच. कुणाच्या भावना नाहीत, कुठल्या समाजात संताप नाही. तरी भाविक ती वाचतो, किरणांची तीव्रता मोजायला आलेला प्राध्यापक वाचतो आणि महापालिकेतला नगररचनेचा माणूसही वाचतो, कारण आडवी आलेली इमारत त्याच्याच फायलीत असते. जानेवारी संपता-संपता हाच सोहळा पुन्हा होतो, तेव्हा नव्या पोरांना मी मुद्दाम तिथं पाठवतो. धर्माची इतर बातमीही याच धाटणीनं लिहिता येते. लिहिली जात नाही, कारण डेडलाइन जवळ आली की आपली बोटं आपोआप ‘समाज’, ‘भावना’ आणि ‘तणाव’ हे तीन शब्द टाइप करतात. ते तीन शब्द न वापरता दिवस कसा काढायचा, ते सांगायला बसलोय.

आधी शब्द शिका

सुरुवात देवीच्या नावापासूनच. मुंबईहून येणारी रेल्वे महालक्ष्मी, हिंदी-इंग्रजी वाहिन्यांची देवी महालक्ष्मी, पण शहरातला माणूस म्हणतो अंबाबाई. ही विष्णुपत्नी लक्ष्मी की आदिशक्ती, यावर इथं वर्षानुवर्षं हिरिरीनं वाद चालतो आणि नाव कोणतं लिहिलं यावरून तुम्ही कुणाच्या बाजूचे हे वाचक ठरवून टाकतो. मंदिरासाठी २०१८ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावात दोन्ही नावं शेजारीशेजारी आहेत. माझा नियम साधा : आपल्या वाक्यात अंबाबाई, बोलणारा महालक्ष्मी म्हणाला असेल तर त्याच्या तोंडी महालक्ष्मीच. कोट ‘सुधारायचा’ नाही.

हा नियम मी शहाणपणानं केलेला नाही, ठेच लागून केलाय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मोहरमच्या दिवसांत एका पेठेत पंजांच्या, म्हणजे हाताच्या आकाराच्या निशाणांच्या, भेटी होत्या. हलगी-ताशा, ऊद, लोबान, रस्त्याच्या दोन्ही अंगाला बायाबापड्या. मी दहा मिनिटं थांबलो, फोटोग्राफरला खूण केली, ऑफिसात येऊन फोटोखाली ओळ दिली : ‘पंजे घेऊन निघालेले मुस्लिम बांधव’. सकाळी नऊला फोन. पलीकडे तालमीतले एक मामा.

“काय ओ साहेब, पेपरात आमचा फोटो आलाय.”

मी खूश. म्हटलं, छान आलाय ना?

“फोटू झ्याक हाय. पन तुमी आमाला न इचारता मुसलमान कवा केलासा? माझा आजा फकीर व्हायचा, बा व्हायचा, आता मी हुतो. घरात खंडोबाचा टाक हाय.”

ते चिडले नव्हते, हसत होते, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत पंजे बसतात आणि ते उचलणारी, नवस बोलणारी, खत्तलरात्र जागवणारी माणसं बहुतेक हिंदू असतात. तीच तालीम गणपती बसवते, तिचाच फुटबॉलचा संघ असतो. मी डोळ्यांनी बघून आलो होतो, पण ओळ लिहिली ती डोक्यात आधीपासून तयार होती ती. तेव्हापासून फोटोओळ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारतोच : तुम्ही कोण, आणि हे तुमच्याकडं कधीपासून?

म्हणून पहिल्या महिन्यात एक वही करा. जोतिबाच्या डोंगरावर पूजेचा मान गुरवांचा आणि चैत्र यात्रेत नाचतात त्या उंच, सजवलेल्या सासनकाठ्या. त्यांना ‘ध्वज’ लिहिलंत तर डोंगरावरची माणसं वर्षभर थट्टा करतील. अंबाबाईकडं श्रीपूजक. जैनांचं देऊळ बस्ती, नांदणीच्या मठाचे प्रमुख भट्टारक. ते दिगंबर मुनी नव्हेत. लिंगायतांत जंगम. ‘वीरशैव’ म्हणायचं की ‘लिंगायत’, हा शब्दांचा खेळ नाही, स्वतंत्र धर्माच्या मागणीचा प्रश्न आहे; समोरचा स्वतःला काय म्हणवतो ते विचारा आणि तेच लिहा. मशिदीत नमाज पढवणारे इमाम. प्रत्येक दाढीवाला मौलाना नसतो. वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये रेव्हरंड. ‘फादर’ म्हणायचं ते कॅथॉलिक चर्चमध्ये. या सगळ्यांना एकाच ‘धर्मगुरू’ शब्दात कोंबण्याची सवय डेस्कला असते. भांडून शब्द परत घ्या.

आणि ईद कधी, हे लिहिताना ‘चंद्रदर्शनानुसार’ हा शब्द विसरू नका. तो विसरला की रात्री साडेदहाला पान बदलावं लागतं.

फाइल कुठं आहे ते शोधा

धर्माची बातमी म्हणून जे आपल्या टेबलावर येतं, त्याखाली बहुतेक वेळा हक्क, जमीन, पैसा किंवा परवानगी असते. आणि या चारही गोष्टींची कुठल्यातरी कचेरीत फाइल असते.

कोल्हापुरात पहिली कचेरी म्हणजे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या भागांतली तीन हजारांहून अधिक देवळं आणि त्यांच्या जमिनी हिच्या ताब्यात. अंबाबाई आणि जोतिबा ही त्यांतली दोन मोठी, बाकीची तुमच्या तालुक्यातल्या माळावर आहेत आणि त्यांच्या शेतजमिनी कोण कसतं, खंड किती देतं, हे कुणीच विचारत नाही. दुसरी कचेरी धर्मादाय आयुक्तांची. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक ट्रस्टचे विश्वस्त कोण, हिशोब कधी सादर झाले, हे तिथं कळतं. दर्गा, मशीद, कब्रस्तानच्या जमिनीचं काम वक्फ मंडळाकडं, त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. मिरवणूक आणि ध्वनिवर्धक पोलिसांकडं, मांडव महापालिकेकडं. यातलं काही सरळ मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि विसरून जा. उत्तर येईल तेव्हा बातमी असेल.

फाइल का बघायची, याचं उदाहरण मंदिरातलंच. जून २०१७ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीला घागरा-चोळी नेसवली आणि शहर पेटलं. पहिले दोन दिवस सगळ्या बातम्या वस्त्राच्या होत्या : परंपरा, विटंबना, भावना. तिसऱ्या दिवसापासून ‘पुजारी हटाव’चे फलक दिसायला लागले, तेव्हा जुन्या बातमीदारांना कळलं की प्रश्न वस्त्राचा नाहीच. गाभाऱ्यात देवीपुढं येणारं दान, साड्या, दागिने यांवर हक्क कुणाचा आणि तो कुणी, कधी दिला, हा तो प्रश्न. वंशपरंपरेनं हक्कदार असलेले श्रीपूजक एका बाजूला, देवस्थान समिती आणि आंदोलक दुसऱ्या बाजूला. त्यासाठी जुन्या सनदा, वटहुकूम, निकाल काढावे लागले. ज्यांनी ते काढले त्यांच्या बातम्या टिकल्या. पुढं मार्च २०१८ मध्ये विधिमंडळानं मंदिरासाठी वेगळा कायदा मंजूर केला, पगारी पुजारी नेमण्याची तरतूद त्यात आली. घागऱ्यावर लिहिलेलं आज कुणाला आठवतही नाही.

गाभाऱ्यातल्या प्रवेशाचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये तृप्ती देसाई कोल्हापुरात आल्या, गाभाऱ्यात शिरताना त्यांना धक्काबुक्की झाली, सगळे कॅमेरे त्यांच्यावर. पण ज्या कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयानं त्याच महिन्याच्या सुरुवातीला स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाचा हक्क सांगितला, तो १९५६ चा होता. साठ वर्षं तो कायदा पुस्तकात पडून होता आणि या साठ वर्षांत कोणत्याही मंगळवारी कोणीही बातमीदार उठून विचारू शकला असता, ‘बायांना आत का सोडत नाही?’ आम्ही विचारलं नाही. आंदोलन येईपर्यंत थांबलो.

सव्वाशे वर्षं मागं जाऊन या

या गावात धर्म आणि वर्तमानपत्र यांची गाठ जुनी आहे. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले आणि पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतोय, हे ध्यानात आलं. राजा असला तरी तो क्षत्रिय नाही, मग त्याला वेदमंत्र कशाला, हा त्यामागचा विचार. त्यातून वेदोक्त प्रकरण उभं राहिलं, राजोपाध्यांची इनामं जप्त झाली आणि पुण्या-मुंबईच्या पत्रांत रणकंदन माजलं. टिळकांच्या ‘केसरी’नं १९०१ मध्ये महाराजांच्या मागणीविरुद्ध लिहिलं. म्हणजे त्या वेळची पत्रं वादाच्या काठावर उभी राहून बातमी देत नव्हती, पाण्यात उतरलेली होती. महाराजांनाही पत्राचं बळ ठाऊक होतं. १९२० मध्ये आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी माणगावची परिषद, त्याच वर्षी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर ब्राह्मणेतर क्षात्रजगद्गुरू.

हे वाचून ठेवायचं ते बातमीत घालायला नव्हे. उलट. कोल्हापुरात काही बरंवाईट घडलं की बाहेरून आलेल्या वाहिनीचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘शाहूंच्या नगरीत हे घडलं.’ चांगलं घडलं की ‘शाहूंचा वारसा जपला’, वाईट घडलं की ‘वारशाला काळिमा’. दोन्हीकडून माहिती शून्य. शाहूंचं नाव घ्यायचंच तर दसरा चौकात जा. १९०६ मध्ये महाराजांच्या पुढाकारानं निघालेलं मुस्लिम बोर्डिंग अजून तिथं आहे. शाही दसऱ्याला सोनं लुटायला गर्दी जमते ती त्याच चौकात. कुठल्या जातीधर्माच्या पोरांसाठी कुठलं वसतिगृह, ते कोणत्या साली निघालं, आज तिथं कोण राहतं, मेसचा महिना किती, यावर बातमी होते. विशेषणावर होत नाही.

‘समाज’ म्हणजे कोण?

‘अमुक समाज आक्रमक’ असं वाक्य लिहिण्याआधी एकदा डोकी मोजा. निवेदनावर सह्या किती? पत्रक काढणारी संघटना नोंदलेली आहे का? अध्यक्ष कधीपासून, निवडून आलेला की स्वतःच बनलेला? आठ माणसांनी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं तर आठ माणसांनी निवेदन दिलं असं लिहा. त्यात काही कमीपणा नाही. ‘समाज’ बोलत नसतो. विश्वस्त बोलतो, नगरसेवक बोलतो, दुकानदार बोलतो, आणि एकाच घरात सासू वेगळं बोलते, सून वेगळं. बायकांना विचारायचं तर बहुतेक वेळा राहूनच जातं.

नांदणीची हत्तीण हा याचा चांगला धडा आहे. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ असलेली हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’त, म्हणजे रिलायन्सवाल्या अंबानींच्या प्राणी केंद्रात, गेली. कोर्टाच्या कागदात ती महादेवी, गावात माधुरी. दोन नावांनीच सांगितलं की दोन बाजू एकमेकींशी बोलत नाहीत. प्राणिहक्कवाल्यांचं म्हणणं तिच्या पायांचं, सांध्यांचं, एकटेपणाचं. मठाचं म्हणणं परंपरेचं आणि सांभाळाचं. बाहेरच्या बऱ्याच वाहिन्यांनी त्याचं ‘जैन समाज विरुद्ध प्राणिमित्र’ करून टाकलं. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत जी पदयात्रा आली, तिच्यात सगळ्या जातीधर्मांची माणसं होती. त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं की कुणाला मठाचं दुःख होतं, कुणाला लहानपणापासून पाहिलेल्या हत्तिणीचं, आणि कुणाचा राग धर्माशी संबंधितच नव्हता. मोठ्या उद्योगघराण्यानं आपल्या गावचं काहीतरी उचलून नेलं याचा होता. त्याच घराण्याच्या ‘जिओ’चा फोन बंद करून सिमकार्ड बदलणारी माणसं धर्मासाठी बदलत होती की धनदांडग्यांवरच्या रागानं, हा प्रश्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. तो फार थोड्यांनी विचारला.

अशा बातमीला किमान पाच फोन लागतात : मठ, याचिकाकर्ते, वनविभाग, हत्तीवर काम केलेला पशुवैद्य, आणि गावातलं कुणीतरी ज्याला माइकची सवय नाही. आणि निकालपत्र स्वतः वाचा. वकिलानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला सारांश म्हणजे निकाल नव्हे. तो त्याच्या अशिलाचा निकाल असतो.

तापलेल्या दिवशी

७ जून २०२३. काही मुलांच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. त्या दिवशी रस्त्यावर असलेला प्रत्येक बातमीदार काहीतरी शिकला. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

ज्या स्टेटसवरून सगळं घडलं ते पुन्हा छापायचं नाही, दाखवायचं नाही. ‘आक्षेपार्ह मजकूर’ एवढं पुरतं. वाचकाला उत्सुकता असणारच, ती भागवणं आपलं काम नाही. आपल्या फोनवर आलेला व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कळल्याशिवाय ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही, कारण ऑफिसच्या ग्रुपवरून तो तासाभरात गावभर जातो. दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, घराचा दरवाजा फोटोत येऊ देऊ नका. मुलं अल्पवयीन असतील तर नाव, शाळा, गल्ली काहीच नको. किती गाड्या फुटल्या ते पोलिसांनी सांगितलं तर ‘पोलिसांनी सांगितलं’ असं लिहा, तुम्ही मोजल्या तर ‘मोजल्या’ असं. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत अशा दिवसांसाठी वेगळे मुद्दे आहेत, कुठल्या धर्माचे किती मेले-जखमी झाले हे लगेच मांडू नये, मथळे भडक नकोत वगैरे. ते शांत दिवशी वाचा, त्या दिवशी वेळ नसतो.

आणि ‘तणावपूर्ण शांतता’ हा शब्दप्रयोग हातातून काढूनच टाका. दुकानं उघडली का? शाळा भरल्या का? एसटी कुठवर आली? भाजी मंडईत कोथिंबिरीची पेंढी किती होती? एवढं लिहिलंत की शांतता कसली ते वाचक ठरवतो.

पुढचं उदाहरण अधिक अवघड. १४ जुलै २०२४. विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध मोर्चाची हाक होती आणि त्या दिवशी गडाच्या वाटेवर गजापूरच्या मुसलमानवाडीत घरांवर, गाड्यांवर, मशिदीवर हल्ला झाला. पण आठवडाभर मथळे ‘विशाळगड अतिक्रमण’ असेच राहिले. गडावर अतिक्रमण होतं की नव्हतं, कुणाकुणाचं होतं, हा एक विषय. ती प्रकरणं न्यायालयात होती. गजापूरची माणसं गडावर राहत नव्हती, हा दुसरा विषय. दोन्ही एका मथळ्यात कोंबले की वाचकाच्या डोक्यात हल्ल्याला कारण मिळतं, आपण ते न लिहिताही. नंतर उच्च न्यायालयानं गडावर ऐन पावसाळ्यात पाडकाम का, असं विचारून ते थांबवलं. ती बातमी आतल्या पानावर गेली. बातमीचं ठिकाण आधी नकाशावर बोट ठेवून बघा. घटना जिथं घडली त्या गावाचं नाव मथळ्यात हवं.

एक बातमी दुरुस्त करू या

शिकाऊ पोरांसाठी मी एक नमुना करून ठेवलाय. सगळा कल्पित आहे, पण अशी प्रत आठवड्याला एक तरी येते :

‘भोंग्यावरून पेठेत दोन समाज आमनेसामने. एका समाजाच्या प्रार्थनास्थळावरील भोंग्यामुळे दुसऱ्या समाजाच्या भावना दुखावल्याने संतप्त जमाव रस्त्यावर उतरला. परिसरात तणाव.’

मी विचारतो, जमाव किती? ‘नऊ जण, सर.’ रस्त्यावर कुठं? ‘पोलीस ठाण्याच्या पायरीवर.’ काय करत होते? ‘अर्ज द्यायला आले होते.’ भावना कुणाच्या दुखावल्या? ‘तसं कुणी म्हणालं नाही, पोरांची परीक्षा आहे म्हणाले.’ पलीकडच्या विश्वस्तांशी बोललास? गप्प. जा, बोल. अर्ध्या तासानं प्रत अशी होते :

‘रात्री दहानंतर ध्वनिवर्धक सुरू असल्याची तक्रार नऊ रहिवाशांनी मंगळवारी पोलिसांत दिली. मुलांच्या परीक्षा सुरू असल्याचं त्यांनी अर्जात म्हटलंय. कार्यक्रम लांबल्यानं वीस मिनिटं उशीर झाला, पुन्हा होणार नाही, असं विश्वस्तांनी सांगितलं. पोलिसांनी त्यांना लेखी समज दिली आहे.’

आता मशीद, मंदिर की मांडव, हे कुठं आलंच नाही आणि बातमी अडली नाही. अडली असती तर लिहिलं असतं; धर्माचं नाव लपवणं हाही काही नियम नव्हे. गणपतीचा डॉल्बी असो नाहीतर भोंगा, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दोघांना रात्री दहा ते सकाळी सहा बंदीच आहे आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. काही ठराविक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. ती यादी खिशात ठेवा.

आकडे

जोतिबाच्या चैत्र यात्रेला ‘लाखो भाविक’ असतातच. पण किती लाख? मागच्या वर्षीच्या बातमीत एक लाख वाढवून लिहायची आमच्यात जुनी चाल आहे. त्याऐवजी एसटीनं जादा गाड्या किती सोडल्या, बंदोबस्ताला पोलीस किती, पार्किंगच्या तळांवर गाड्या किती, ते घ्या आणि अंदाज कुणाचा ते लिहा. गर्दी मोजता येत नसेल तर तिची एक जागा दाखवा. गुलालानं गुलाबी झालेल्या पायऱ्या आणि ‘चांगभलं’च्या आरोळीत बुडालेला लाउडस्पीकरवरचा हरवलेल्या पोराचा पुकारा, एवढ्यात लाख येऊन जातात.

गोड बातमीपासूनही सावध

तणावाच्या बातमीइतकीच आळशी बातमी म्हणजे ऐक्याची. कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसतो. दरवर्षी फोटो येतो, खाली ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’, काम संपलं. कोल्हापुरातल्या बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, त्याचीही तीच गत. ही ठिकाणं खोटी नाहीत, आपलं वाक्य मेलेलं आहे.

२०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले होते. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान आणि आपल्याकडं अधिकमास, त्यामुळं ही गाठ साधारण तेहतीस वर्षांनी पडते. म्हणजे ज्यांनी हे त्याच्या आधीच्या खेपेला तरुणपणी पाहिलं, ते आता साठीच्या पुढं आहेत. त्यांना विचारा : आरतीचं ताट कुणाच्या घरचं? वर्गणी कोण देतं? मध्ये कधी बंद पडलं होतं का, का पडलं? आत्ताच्या पोरांना हे आवडतं का? ‘न्हाई ओ, आता पोरं तेवढी येत न्हाईत’ असं उत्तर आलं तर ते गाळू नका.

कायद्याचं थोडकं

जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुनं १५३ अ आता कलम १९६, जुनं २९५ अ आता २९९. गुन्हा कोणत्या कलमाखाली, हे पोलिसांकडून लिहून घ्या; ‘भावना दुखावल्याचा गुन्हा’ म्हणून भागत नाही. बुवा-बाबाची बातमी आली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढा. त्यात देवपूजा, वारी, कीर्तन गुन्हा नाही, फसवणूक आणि अघोरी कृत्यं गुन्हा आहेत.

आणि आरोपी हा आरोपी. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. खटल्याच्या प्रत्येक तारखेला या शहरात बातमी होते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ‘मारेकरी’ लिहून मोकळा होतो. ज्यांना पानसरे आपले वाटतात त्यांनी तर हे जास्त जपायला हवं. उद्या वकील तेच कात्रण कोर्टात दाखवतो.

छापून आल्यावर

ज्या गल्लीची बातमी दिली तिथं दुसऱ्या दिवशी जा. फोन नको, चालत जा. चूक असेल तर तिथंच कळते, आणि ती मोकळेपणानं दुरुस्त करून छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नव्हे. शिव्या बसतील, चहाही मिळेल. या बीटवरचे माझे निम्मे सोर्स असे शिव्या देताना भेटलेत.

तालमीतले मामा आता थकलेत, पंजा पुतण्या उचलतो. पण मोहरमचा चंद्र दिसला की त्यांचा फोन येतोच. “भेटी साडेआठला हाईत. पोराला पाठवा, आनि म्हनावं नाव इचारून घाल.”